टेंडरची रिंग आणि माफीच्या तीन खिडक्या: नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या एक दिवसाच्या कार्यशाळेबद्दल

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी मी तिथे का गेले ते सांगते, नाहीतर वाटायचं की अंबडच्या शेडमध्ये बिलं काढणारी बाई शनिवारचा अख्खा दिवस आणि २,५०० रुपये अधिक जीएसटी घालून टेंडरची रिंग, म्हणजे ठेकेदारांनी आपसात ठरवून टेंडर भरणं, आणि त्यातली माफी यावरच्या कायद्याच्या वर्गाला कशाला बसली.

आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, रॅक, लोखंडी कपाटं, शाळांचे बेंच, होस्टेलच्या खाटा असं काम. मशीन आणि माणसं नवरा बघतो, साईट आणि वसुली धाकटे दीर म्हणजे भाऊजी बघतात, आणि टेंडर भरणं, अनामत रक्कम, बँक गॅरंटी हे सगळं माझ्या टेबलावर. २०१९ मध्ये भाऊजींना एका मोठ्या ठेकेदाराने सांगितलं की एका सरकारी कामाला जरा सपोर्टला भर, तीन जण लागतात नाहीतर टेंडर परत काढतील, तुला काही करायचं नाहीये फक्त डोंगल दे. टेंडरच्या धंद्यात असलेल्या कुणालाच हे वाक्य नवं नाही. भाऊजींनी डोंगल, म्हणजे ऑनलाईन टेंडरवर डिजिटल सही करायचं यंत्र, दिलं. पैसे घेतले नाहीत, पुढे सबकाँट्रॅक्ट मिळेल एवढीच आशा होती. तिन्ही टेंडरं एकाच कॉम्प्युटरवरून भरली गेली, तिन्हीमध्ये एकाच शब्दाचं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं, आणि ते खात्यातल्या एका नवीन अधिकाऱ्याच्या नजरेत आलं. अनामत जप्त, तीन वर्षं काळ्या यादीत. त्या तीन वर्षांत आम्हाला दोन वेल्डर कमी करावे लागले, त्यातला एक आमच्याकडे ११ वर्षं होता, त्याच्या मुलीच्या बारशाला आम्ही गेलो होतो, आणि ते मला आजही लागतं.

त्यानंतर घरात भीती अशी बसली की आता दिल्लीची नोटीस येणार, मग पोलीस केस होणार. ओळखीतून एका सल्लागाराकडे गेलो, त्याचं नाव लिहीत नाही. त्याने १५,००० घेतले आणि म्हणाला काही टेन्शन नाही, भारतीय स्पर्धा आयोगाला म्हणजे सीसीआयला, रिंगला दंड करणाऱ्या सरकारी संस्थेला, सगळं कबूल करणारा एक अर्ज टाकायचा, जो पहिला जाईल त्याला १०० टक्के माफी, विषय कट. मसुदाही त्यानेच करून दिला. रात्री जेवणं आटोपल्यावर मी तो वाचायला घेतला तर दुसऱ्या पानावर वाक्य होतं, 'आम्ही संबंधित अधिकाऱ्यांना दोन टक्के रक्कम दिली.' अहो, भाऊजींनी कुणाला एक पैसा दिला नव्हता! मोठ्या ठेकेदाराने दिले असतील अशी बाजारात कुजबुज होती आणि तीच आम्ही सल्लागाराला सांगितली होती, तर त्याने तिथे 'आम्ही' लिहून टाकलं. फोन करून विचारलं तर म्हणतो, वहिनी, जेवढं जास्त कबूल कराल तेवढी माफी पक्की. तो अर्ज आम्ही पाठवला नाही. पण का पाठवायचा नाही ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, पोटात गोळा आला म्हणून थांबले इतकंच. ते नेमकं का, हे या शनिवारी कळलं, आणि म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

हॉल कॅनडा कॉर्नरजवळ, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण गाडी लावायला जागा नाही, मी लांब गाडी लावून चालत आले. पंचवीसेक माणसं होती, सातपूर आणि अंबडचे कारखानदार, सिन्नरचे दोन ठेकेदार, तीन-चार सीए, आणि सिंहस्थाच्या कामांची टेंडरं भरणारे बरेच जण. माझ्याशिवाय दोनच बायका. भाऊजी पण आले होते, ते मागच्या रांगेत बसले. शिकवणाऱ्या वकील मॅडम बरीच वर्षं मुंबईत स्पर्धा कायद्याचं काम करून आता नाशिकला परत आल्यात. बोलणं एकदम साधं, समोरच्याला कुठेही लाजवायचं नाही, आणि कुणी 'मॅडम सगळेच करतात' म्हणालं की त्यावर भाषण न देता सरळ पुढचं कलम काढायच्या.

सुरुवातीलाच त्यांनी टेबलावर एक जुना लँडलाईन फोन ठेवला आणि चार जणांना पुढे बोलावलं. तुम्ही चौघांनी मिळून रिंग केलीय, आज तुमच्यातला कुणीतरी फुटून आयोगाला फोन करणार असं तुमच्या कानावर आलंय, आता काय ते करा. दोघं हसत उभे राहिले, तेवढ्यात सातपूरच्या एका पोराने उडी मारून रिसीव्हर उचलला. मग दुसऱ्याने. सिन्नरचे ठेकेदार मात्र आपली बॅग उघडून कागद शोधत बसले, म्हणे पुरावा तर जमवू दे आधी, आणि ते तिसरे आले. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, पहिल्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट, दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत, तिसऱ्याला आणि त्याच्या पुढच्यांना ३० टक्क्यांपर्यंत. 'पर्यंत' या शब्दाखाली दोन रेघा. आणि मग सांगितलं की कागद नंतर, आधी नंबर. स्पर्धा कायदा २००२ चा, त्याचं कलम ४६, त्याखाली आधी फोनवर, मेलवर किंवा तोंडी थोडक्यात सांगून रांगेतला नंबर पकडता येतो, त्याला मार्कर म्हणतात, आणि मग पूर्ण अर्ज पुराव्यासकट द्यायला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात नाही दिला तर नंबर गेला. सिन्नरच्या काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, ते म्हणाले म्हणजे मी फाईल शोधण्यात पैसे घालवले की!

कागद शोधण्यात पैसे कसे जातात तेही मॅडमनी आकड्यात दाखवलं आणि हा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटला कारण छोट्या माणसाला कायदा आकड्यातच कळतो. रिंगला दंड म्हणजे रिंग जितकी वर्षं चालली त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यातलं जे जास्त असेल ते. समजा २ कोटीची उलाढाल आणि तीन वर्षं रिंग, तर वरची मर्यादा ६० लाखांवर जाते. पहिल्याचे वाचले तर सगळे साठ, दुसऱ्याचे तीस, तिसऱ्याचे अठरा. आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर उलाढाल म्हणजे फक्त त्या टेंडरच्या मालाची नाही, सगळ्या धंद्याची धरतात. शिवाय कंपनीच नाही, काम बघणारी माणसंही जबाबदार धरतात, म्हणजे माझ्यासारखी टेंडर भरणारी सुद्धा. २०१७ पासून अशा व्यक्तींनाही स्वतः सवलत मागता येते. आणखी एक, २०२३ मध्ये आयोगाकडे तडजोड करायची सोय आली पण ती रिंगवाल्यांना नाही, म्हणजे रिंगला कमी दंडाची हीच एक वाट आहे. २०२४ च्या नव्या नियमांत अजून एक आलंय, एका रिंगची चौकशी चालू असताना तुम्ही दुसऱ्या, आयोगाला माहीत नसलेल्या रिंगबद्दल सांगितलं तर पहिल्या प्रकरणात जास्तीची ३० टक्क्यांपर्यंत सूट आणि दुसऱ्यात १०० टक्क्यांपर्यंत. हे ऐकून हॉल एकदम गप्प झाला. कोण कुणाबरोबर किती टेंडरांत आहे याचा हिशोब बहुतेक जण मनात करत असणार.

मग खऱ्या केसेस. ड्राय सेल बॅटरीची मला पाठ झाली, पॅनासॉनिकने २०१६ मध्ये आयोगाकडे जाऊन सगळं सांगितलं, २०१८ च्या निकालात त्यांना १०० टक्के सूट, एव्हरेडीला ३० टक्के आणि निप्पोवाल्या इंडो नॅशनलला २० टक्के. सूट धरूनही एव्हरेडीला १७१ कोटींच्या वर दंड. बिअरच्या २०२१ च्या निकालात पण तेच, आधी गेला तो शून्यावर सुटला, युनायटेड ब्रुअरीजला ४० टक्के सूट मिळूनही साडेसातशे कोटींच्या वर. गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगच्या २०१९ च्या केसला आमच्या शेजारी बसलेले ऑटो पार्टवाले सावरून बसले, त्यात एनएसकेला १०० टक्के आणि जेटेक्टला ५०.

पण मॅडम सगळ्यात जास्त थांबल्या ते दोन केसवर. एक म्हणजे पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांची टेंडरं, नागरिक चेतना मंचाच्या तक्रारीवरून सुरू झालेलं प्रकरण, निकाल २०१८. त्यात नुसतं सपोर्टला भरणारेही दोषी धरले गेले. मी मागे वळून बघितलं नाही, भाऊजी तिथे होते.

दुसरी केस रेल्वेच्या पंख्यांची. भारतात या सवलतीचा पहिला निकाल हाच, जानेवारी २०१७. आणि ती सुरू कशी झाली तर सीबीआयच्या हाती दुसऱ्याच एका तपासात माहिती लागली आणि त्यांनी आयोगाला कळवलं. रांगेत पहिल्या आलेल्या कंपनीला १०० नाही, ७५ टक्केच सूट मिळाली, कारण ती आली तेव्हा आयोगाच्या हातात आधीच पुरावा होता. मॅडम म्हणाल्या, ही केस नीट लक्षात ठेवा, कारण इथे दोन खाती एकमेकांशी बोलतायत. मला त्या क्षणी आमचा तो मसुदा आठवला.

चहानंतर त्यांनी तीन फायली आणल्या. निळी, लाल, पिवळी, त्याच आपल्या सीबीएस बसस्टँडजवळच्या स्टेशनरीत मिळणाऱ्या टॅगच्या फायली. निळी स्पर्धा आयोगाची, लाल लाचलुचपतीची, पिवळी फौजदारीची म्हणजे फसवणूक, कट वगैरे. मग एक कोरा कागद घेऊन त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आम्ही साहेबांना टक्केवारी दिली.' तो निळ्या फायलीत लावला आणि विचारलं, आयोगाने या माणसाला १०० टक्के सूट दिली, आता सांगा या वाक्याला या दोन फायलींपासून कोण वाचवणार? कुणी काही बोललं नाही. मी बोलले, माझ्या तोंडून निघूनच गेलं, 'कुणीच नाही.' मॅडम म्हणाल्या, बरोबर, कलम ४६ फक्त स्पर्धा कायद्याचा दंड कमी करतं, त्या पलीकडे एक इंचसुद्धा जात नाही.

मला खरंच घाम फुटला. १५,००० घेऊन त्या माणसाने भाऊजींच्या सहीने न केलेल्या लाचेची कबुली लिहून घेतली होती, आणि माफीच्या नावाखाली.

लाल फायलीचं गणित वेगळं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही थेट गुन्हा आहे. तुमच्यावर जबरदस्ती झाली म्हणून दिली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर संरक्षण आहे, आठव्या दिवशी ते गेलं. म्हणून एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, १०६४ नंबर फोनमध्ये सेव्ह करा, हे त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांकडून करून घेतलं. सात दिवस म्हणजे किती कमी, आमच्याकडे बिल पास व्हायला त्याच्या दसपट लागतात आणि माणूस बिल अडकेल म्हणून गप्प बसतो, हे मी बोलले तेव्हा अर्ध्या हॉलने माना हलवल्या.

पिवळ्या फायलीत आपला जुना ओळखीचा शब्द, माफीचा साक्षीदार. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३४३. इथे रांग नाही, नंबर नाही, टक्के नाहीत, माफी कोर्ट देतं आणि अट एकच, सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं, स्वतःचा भाग धरून. काही लपवलं तर माफी गेली आणि मूळ गुन्ह्याचा खटला परत डोक्यावर. आणि जो आधीच जामिनावर नाही त्याला खटला संपेपर्यंत कोठडीतच ठेवतात, हे मला अजिबात माहीत नव्हतं, मला वाटायचं माफीचा साक्षीदार म्हणजे त्याच दिवशी घरी. लाचेच्या खटल्यात विशेष न्यायाधीशालाही अशी माफी देता येते.

मग बाहेरच्या देशांचं. अमेरिकेत रिंग करणं हाच तुरुंगाचा गुन्हा, १० वर्षांपर्यंत, आणि तिथली सवलत योजना १९७८ ची, १९९३ मध्ये मोठी सुधारणा झाली, ती देणारं खातंच खटला भरणारं खातं आहे त्यामुळे पहिला आला त्याची कंपनीही रिंगच्या खटल्यातून सुटते आणि खरं बोलणारे कर्मचारीही. आपल्याकडे नुसत्या रिंगला तुरुंग नाही म्हणून सवलतीतही तुरुंगाचा विषय नाही, पण टेंडरच्या रिंगला लाच आणि फसवणूक चिकटलेली असते आणि फट तिथेच आहे. ब्राझीलची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी होती. तिथे २०११ च्या स्पर्धा कायद्यात सवलत मिळाली की रिंगच्या फौजदारी गुन्ह्यापासूनही संरक्षण मिळतं, म्हणजे निळ्या फायलीचा टॅग पिवळीलाही बांधलेला. पण २०१३ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यातला करार कंपनीचा दंड जास्तीत जास्त दोन तृतीयांशाने कमी करतो आणि माणसांना फौजदारीतून वाचवत नाही, त्यासाठी त्याच वर्षीचा तिसरा कायदा, तपासात सहकार्य करणाऱ्या आरोपीशी करार करायचा. वर हिशोब तपासणारं न्यायाधिकरण वेगळं, सरकारी वकील वेगळे, आणि प्रत्येकजण म्हणणार मला विचारल्याशिवाय कसं मिटवलं. ओडेब्रेख्त नावाच्या बांधकाम कंपनीने आणि तिच्या ब्रास्केम कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये ब्राझील, अमेरिका आणि स्वित्झर्लंड तिघांशी मिळून साडेतीन अब्ज डॉलरचा करार केला तेव्हा तीन देश एका टेबलावर बसले, आणि ब्राझीलमधल्या बऱ्याच खात्यांना आपापसात जुळवून घ्यायचा लेखी करार करायला २०२० उजाडलं. आपल्याकडे असं काही व्हावं, निदान आयोगाकडे स्वतःहून जाणाऱ्या छोट्या माणसाला बाकी दोन फायलींचं काय ते आधी सांगणारं कुणीतरी असावं, असं मला फार वाटतं, कारण मोठ्या कंपनीकडे तीन वकील असतात, आमच्याकडे एक आणि तोही कधीकधी १५,००० वाला.

आता अर्धा स्टार. हातात दिलेली ४० पानं सगळी इंग्रजीत होती. बोलणं इतकं चांगलं मराठीत आणि कागद इंग्रजीत, सिन्नरच्या काकांनी ते तसेच खुर्चीवर ठेवून दिले. काळ्या यादीवर पाच मिनिटं सुद्धा दिली नाहीत, फक्त एवढंच की आयोगाची सवलत तुम्हाला काळ्या यादीतून वाचवत नाही, ते टेंडर काढणाऱ्या खात्याच्या हातात. अहो पण आमच्यासारख्यांचा धंदा दंडाने नंतर मरतो, काळ्या यादीने आधी मरतो! त्यावर निदान एक तास हवा. जेवण ठीक, वरणभात गरम होता, एसीने मात्र मागच्या रांगेला गारठवलं. शेवटी प्रत्येकाला अर्धा तास वैयक्तिक सल्ला असं लिहिलेलं, मला वीसच मिनिटं मिळाली.

पण ती वीस मिनिटं सांगते. मी जुना मसुदा घेऊन गेले होते, तोच, दुमडून पर्समध्ये. मॅडमनी पूर्ण वाचला, घाई केली नाही, मग पेनाने एका शब्दाभोवती गोल केला, 'आम्ही'. भाऊजींना विचारलं, तुम्ही दिले? भाऊजी म्हणाले नाही. कुणी दिलेले पाहिले? नाही. मग हे वाक्य तुमचं नाहीच, ऐकीव गोष्ट स्वतःच्या नावावर कबूल करणं म्हणजे माफीसाठी खोटं बोलणं, आणि तिन्ही फायलींत खोटं बोलणाऱ्याला माफी नाही. डोंगल दिलं तेवढं तुमचं आहे, तेवढंच आणि ते पूर्ण सांगायचं. आमच्या जुन्या प्रकरणाचं आता काय करायचं तेही त्यांनी सांगितलं, ते आमच्यात राहू दे. आणि केस मला द्या, माझ्याकडे या असं एकदाही म्हणाल्या नाहीत, उलट म्हणाल्या निळ्या फायलीचं मी बघू शकते, लाल-पिवळ्यासाठी फौजदारीचा चांगला वकील वेगळा घ्या आणि दोघांना एका टेबलावर बसवा, एकही कागद कुठे जाण्याआधी. परतीच्या वाटेवर भाऊजी मुंबई नाक्यापर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, वहिनी, डोंगल यापुढे तुमच्या कपाटात राहू द्या.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं काउंटरवर सांगितलं. जाणार असाल तर नाव नोंदवताना मराठी नोट्स मागा, मी मागितल्यात, चार-पाच जणांनी मागितल्या तर काढतील असं वाटतं. जुनी टेंडरं, खात्याची पत्रं, कुणी करून दिलेले अर्ज असतील ते सोबत न्या आणि वैयक्तिक सल्ल्याचा नंबर सकाळी आल्या आल्या लिहून ठेवा, दुपारनंतर रांग वाढते. मागच्या रांगेत बसणार असाल तर शाल घ्या.